आईच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय, थोडी सूज पण आहे, काय असेल?

दिंडोरीची_लेक:
नमस्कार मंडळी. आईचं वय 52, आमची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. गोडी छाटणी झाली, मग फेलफूट (नको असलेले फुटवे) काढणं, मग थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), दीड-दोन महिने हातातली कात्री काही सुटली नाही आणि आता उजव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूने दुखतंय, हात लावला की जाणवते एवढी सूज आहे. तवा उचलताना, कपडे पिळताना डोळ्यात पाणी येतं तिच्या. ताप नाही, लाली नाही. शेजारच्या मावशी म्हणतात वात आहे, मेडिकलवाल्याने युरिक ॲसिडच्या गोळ्या दिल्यात. तिला शुगर आहे म्हणून जास्त घाबरलेय. कोणाला असं झालंय का?

पंचवटीकर:
माझ्या बायकोला डिलिव्हरीनंतर सेम हेच, बाळाला काखेत धरून उचलताना अंगठा ताणला जायचा. डॉक्टरांनी डी क्वेर्व्हेन सांगितलं, म्हणजे मनगटाजवळ अंगठ्याच्या शिरांचं दुखणं. आधी आम्ही साधा मनगटाचा पट्टा आणला, काडीचा फरक नाही, कारण अंगठा मोकळाच राहतो. अंगठा पण धरून ठेवणारा स्प्लिंट घ्या ताई, तिला महिनाभरात बरं वाटलं.

फिजिओ_नाशिकरोड:
मला पण ऐकून तेच वाटतंय, पण हात बघितल्याशिवाय नक्की नाही सांगता येत. अंगठा हलवणाऱ्या दोन शिरा, म्हणजे टेंडन, मनगटाजवळ एका अरुंद नळीतून जातात, कात्री सारखी दाबून ती नळी जाड होते आणि शिरा घासायला लागतात. आईला अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीकडे वाकवायला सांगा, अंगठ्याच्या बाजूला कळ आली तर संशय वाढतो. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला तरी असंच दुखतं, या वयातल्या बायकांत ते बरंच दिसतं, पण ते दुखणं मनगटापेक्षा तळहाताच्या जवळ असतं आणि बरणीचं झाकण उघडताना जास्त. गोल टणक गाठ लागत असेल तर गँगलियन, म्हणजे सांध्याजवळची द्रव भरलेली गाठ, असू शकतं. युरिक ॲसिडचं दुखणं बहुतेक अचानक उठतं, लालबुंद गरम होतं आणि जास्त करून आधी पायाच्या अंगठ्याला, त्यामुळे तपासणी न करता त्या गोळ्या देणं मला अजिबात पटलं नाही. शुगर असताना पेनकिलरही मनाने घेऊ नका, किडनीला त्रास होतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने चांगला आराम पडतो, पण काही दिवस शुगर वाढते, तेव्हा शुगरचं आधीच सांगा. आणि काडी किंवा तार टोचली असेल, बोट फुगलं, लाल झालं, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

निफाडचा_शेतकरी:
आई हातावर पडली नव्हती ना, हे नीट विचारा, बाया सांगत नाहीत. मी बांधावरून घसरलो होतो, पहिला एक्सरे नॉर्मल आला, दोन आठवड्यांनी परत काढला तेव्हा अंगठ्याखालच्या छोट्या हाडाला फ्रॅक्चर दिसलं.

दिंडोरीची_लेक:
विचारलं, पडली नाहीये. मूठ करून मनगट वाकवलं तर ओरडलीच. त्या गोळ्या बंद केल्या, सोमवारी सिव्हिलला हाडांच्या ओपीडीत नेते. पण थिनिंग अजून अर्धं बाकी आहे आणि ती म्हणते डाव्या हाताने करते, चालेल का?

फिजिओ_नाशिकरोड:
नको ताई, डावा पण जाईल. थोडे दिवस मजूर लावा.