नवीन गाडीचा विमा ऑनलाइन काढताना अडकतोय : नंबर नाही, व्हेरियंट दिसत नाही, केवायसी होत नाही

नवी_चाके :
घरासाठी नवीन पेट्रोल गाडी बुक केली आहे. नोंदणी बाबांच्या नावावर होईल, गाडीवर बँकेचं कर्ज आहे. जुनी गाडीही बाबांच्याच नावावर आहे आणि ती विकायची आहे. तिच्यावर ५० टक्के एनसीबी (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जमा आहे. शोरूमच्या कोटेशनमधला विमा महाग वाटला, म्हणून विमा कंपनीच्या साइटवरून स्वतःच काढायचं ठरवलं. पण साइट पहिल्याच पानावर गाडीचा नंबर मागते. तो टप्पा ओलांडला तर यादीत आमचं व्हेरियंट सापडत नाही. शेवटी केवायसीत ‘नाव जुळत नाही’ असं येतं. शिवाय शोरूमवाले म्हणतात की विमा बाहेरून घेतला तर नोंदणीला उशीर होईल. नेमकं कोणत्या क्रमाने करावं? जुन्या गाडीचा एनसीबी नव्या गाडीला कसा लावायचा?

टॅपेट :
आधी क्रम सांगतो, कारण बहुतेक अडचणी क्रम चुकल्यामुळे येतात. गाडी नुसती बुक झालेली असताना पॉलिसी काढता येत नाही. तुमच्या नावाने ठरावीक गाडी ॲलॉट होऊन चासी नंबर आणि इंजिन नंबर हातात आला की मगच बसा. शोरूमकडून टॅक्स इनव्हॉइस आणि फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, यांची प्रत मागा. फॉर्म २१ वर चासी नंबर, इंजिन नंबर, सीसी, इंधन, आसनसंख्या, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव असतं. साइटला लागणारं जवळपास सगळं या एका कागदावर मिळतं.

गाडीचा नंबर विचारतात त्याच पानावर ‘नवीन गाडी’ किंवा ‘नंबर अजून आलेला नाही’ असा बारीक अक्षरातला पर्याय असतो. तो निवडल्यावर फक्त आरटीओ निवडायचं, म्हणजे बाबांच्या पत्त्याचं जिथे नोंदणी होणार ते. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथलं आरटीओ टाकू नका. नंबर मिळाल्यावर कंपनीला कळवून तो पॉलिसीवर चढवून घ्यायचा.

चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत. त्यामुळे ओसारखं दिसलं तर तो शून्य आहे आणि आयसारखं दिसलं तर एक आहे. बी आणि ८, एस आणि ५ यांत मात्र खरोखर गल्लत होते. इनव्हॉइसच्या फोटोवरून टाइप करू नका. पीडीएफ मिळाली तर तिथून कॉपी करा आणि डिलिव्हरीआधी गाडी बघायला जाल तेव्हा चासीवर कोरलेला नंबर ताडून बघा. एक अक्षर चुकलं तरी आरटीओच्या ‘वाहन’ पोर्टलवर पॉलिसी जुळत नाही आणि नोंदणी थांबते. शोरूमवाले ज्या उशिराची भीती घालतात तो बहुतेकदा यातूनच होतो.

व्हेरियंटचं म्हणाल तर साइटवरची यादी कंपनीच्या जाहिरातीतल्या नावाने नसते. सीसी, इंधन, गिअरबॉक्स आणि आसनसंख्या या क्रमाने जुळवा. नुकतंच बाजारात आलेलं व्हेरियंट नसेल तर जवळचं म्हणून दुसरं निवडू नका. एक्स-शोरूम किंमत बदलते, मग आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, चुकतो. कंपनीच्या हेल्पलाइनला इनव्हॉइस पाठवा, ते आतून कोटेशन काढून पैसे भरायची लिंक पाठवतात. कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेल्या गाडीला ‘पेट्रोल’ निवडून सीएनजी किट वेगळं जोडायची चूकही सर्रास होते. ते व्हेरियंट यादीत वेगळं असतं, तेच घ्या.

दावा_सल्लागार :
केवायसीबद्दल. १ जानेवारी २०२३ पासून सामान्य विम्यालाही केवायसी सक्तीची आहे आणि ती गाडीच्या मालकाची व्हावी लागते, फॉर्म भरणाऱ्याची नाही. म्हणजे पॅन बाबांचा, जन्मतारीख बाबांची, आणि आधारचा ओटीपी त्यांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणार. तो फोन शेजारी घेऊनच बसा.

‘नाव जुळत नाही’ हे आपल्याकडे फार होतं, कारण पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव असतं, आधारवर आडनाव आधी असतं आणि इनव्हॉइसवर शोरूमने नुसती आद्याक्षरं घातलेली असतात. बऱ्याच साइट केवायसीतून आलेलं नाव पॉलिसीवर छापतात आणि ते बदलू देत नाहीत. म्हणून उलट दिशेने जा : पॅनवर जसं आहे तसंच नाव, त्याच स्पेलिंगने, इनव्हॉइसवर घालायला शोरूमला आधीच सांगा. इनव्हॉइस, पॉलिसी आणि नोंदणी अर्ज या तिन्हींवर नाव एकसारखं पाहिजे. पॅनवरून होतच नसेल तर कागद अपलोड करायचा पर्याय असतो, पण त्याला तपासणीचा वेळ लागतो. डिलिव्हरीच्या सकाळी त्या वाटेला जाऊ नका.

आता एनसीबी. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी आणि नवी दोन्ही गाड्या बाबांच्या नावावर असल्यामुळे तुमचं काम होईल. नवी गाडी तुमच्या नावावर घेतली असती तर बाबांचा एनसीबी तुम्हाला मिळाला नसता. वडील हयात असताना तो मुलाकडे जात नाही. पायऱ्या अशा : जुनी गाडी विका, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून प्रती ठेवा, त्या प्रती आणि अर्ज जुन्या विमा कंपनीला पाठवून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्या. हे पत्र ३ वर्षं चालतं. नव्या पॉलिसीत ‘दुसऱ्या गाडीचा एनसीबी’ निवडून ते जोडायचं. काही साइट नवीन गाडीला हा पर्यायच दाखवत नाहीत. तिथे पैसे भरण्याआधी कंपनीशी बोला.

जुनी गाडी अजून विकली गेलेली नसेल तर एनसीबी टाकू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते, आणि खोटा एनसीबी निघाला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. आणखी एक : ५० टक्के सूट फक्त ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीच्या (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या) हप्त्यावर नाही. एकूण रक्कम निम्मी होईल असं धरू नका.

ओडोमीटर :
हप्त्याची तुलना कशी करायची तेही सांगतो, कारण ‘शोरूमचा महाग’ हे खरं आहे का ते आधी बघायला हवं.

नवीन मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात तीन वर्षांचे मिळून १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये आणि त्यावर २४,५९६ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. हा आकडा सगळीकडे सारखाच असणार, त्यात घासाघीस नाही. फरक पडतो तो ओन डॅमेज आणि ॲड-ऑनमध्ये, म्हणजे वरून घ्यायच्या जादा संरक्षणांमध्ये.

नव्या गाडीचा आयडीव्ही म्हणजे एक्स-शोरूम किमतीतून ५ टक्के वजा. १० लाखांची गाडी असेल तर साडेनऊ लाख. ऑनलाइन स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये कित्येकदा आयडीव्ही गुपचूप खाली ओढलेला असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर तेवढेच पैसे हातात येतात. दोन्ही कोटेशनमध्ये आयडीव्ही एकच करून मगच बघा. ‘ऐच्छिक वजावट’ (दाव्यातली आपण स्वतः सोसायची रक्कम) हा रकाना आधीच टिक केलेला आहे का, तेही पाहा. ती सक्तीच्या वजावटीव्यतिरिक्त असते. सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये.

झिरो डेप, म्हणजे दाव्यात घसारा कापू न देणारं ॲड-ऑन, नव्या गाडीला घ्याच. पहिल्या सहा महिन्यांत धातूच्या भागांवर घसारा कापत नाहीत, पण प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरीवर पहिल्या दिवसापासून ५० टक्के कापतात. शहरात गाडीला सगळ्यात आधी लागतो तो बंपर, आणि तो प्लॅस्टिकचा असतो. बंपर १२,०००चा असेल तर झिरो डेपशिवाय ६,००० तुमचे, वर वजावट वेगळी. कर्ज असल्यामुळे रिटर्न टू इनव्हॉइसचाही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर इनव्हॉइसची किंमत देणारं ॲड-ऑन) विचार करा. पावसाचं पाणी साचणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाचं ॲड-ऑन. बाकीचे रोडसाइड, चावी, सामान वगैरे गाडीच्या वॉरंटीत काय मिळतं ते बघून ठरवा.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा बाबांकडे लायसन्स असेल तरच लागू होतो. तसा विमा आधीपासून असेल तर तो दाखवून वगळता येतो.

शोरूम स्वतःचाच विमा घ्यायची सक्ती करू शकत नाही. ‘विमा बाहेरून घेतला तर डिस्काउंट काढून घेऊ’ असं म्हणाले तर ते ईमेलवर लिहून मागा.

नवी_चाके :
फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. पॅनप्रमाणे इनव्हॉइस बदलून घेतो. दोन शंका उरल्या. पॉलिसी कोणत्या तारखेपासून घ्यायची? आणि पैसे कापले गेले पण पॉलिसी आलीच नाही, असं झालं तर?

टॅपेट :
नोंदणीसाठी अर्ज जाण्याच्या दिवसापर्यंत पॉलिसी चालू झालेली पाहिजे. म्हणून शोरूमला विचारा, ‘वाहन’वर माहिती कधी भरणार? त्याच दिवसापासून सुरुवात घ्या. मुहूर्ताच्या डिलिव्हरीची तारीख टाकली आणि नोंदणी दोन दिवस आधी निघाली तर पॉलिसी चालत नाही. उलट फार आधीची घेतली तर ओन डॅमेजचे तेवढे दिवस फुकट जातात. पॉलिसी काढल्यावर ती पोर्टलवर लगेच दिसेलच असं नाही, तेव्हा एक-दोन दिवसांची सवड ठेवा. तरी दिसली नाही तर कंपनीला माहिती पुन्हा चढवायला सांगा.

हायपोथिकेशनच्या (गाडी कर्जासाठी तारण असल्याच्या) रकान्यात बँकेचं नाव मंजुरीपत्रात आहे तसंच टाका. तो रकाना रिकामा राहिला तर बँक कर्जाचे पैसे सोडताना अडवते.

दावा_सल्लागार :
पैसे कापले आणि पान अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी कंपनीच्या साइटवर व्यवहार क्रमांक टाकून पॉलिसी निघाली आहे का बघा. बऱ्याचदा निघालेली असते, फक्त मेल उशिरा येतो. दोन पॉलिसी झाल्या तर एक रद्द करताना दुसरीचा पुरावा द्यावा लागतो. पैसे कंपनीपर्यंत पोचलेच नसतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत आले पाहिजेत, आणि त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. कंपनीने दाद दिली नाही तर विमा नियामक इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करता येते.

आणि मोबाइलवर पुढच्या वर्षीची आठवण आत्ताच लावून ठेवा. पॉलिसीवर तीन वर्षं छापलेली असली तरी ओन डॅमेज एकाच वर्षाचं असतं. ते संपलं आणि ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर बाबांचा इतक्या वर्षांचा एनसीबी शून्यावर येईल.