होम डिरेक्टरीला ७७७ परवानगी दिल्यापासून एसएसएच किल्ली नाकारते

प्रश्न:
नमस्कार. माझ्या उबुंटू २२.०४ सर्व्हरवर एका प्रोग्रॅमला माझ्या होम डिरेक्टरीतील (माझ्या खात्याच्या फोल्डरातील) स्वतःच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिता येत नव्हते, म्हणून मी घाईने सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) वापरून संपूर्ण होम डिरेक्टरीवर, आतल्या सर्व फोल्डरांसह, सीएचमॉड ७७७ (कोणालाही वाचण्याची, लिहिण्याची व चालवण्याची परवानगी देणारी आज्ञा) चालवले. प्रोग्रॅम चालू लागला. परंतु नव्याने लॉगिन करताना एसएसएच (दुरून सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करण्याचे साधन) माझी किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) नाकारून पासवर्ड मागते. जुने सत्र अजून उघडे आहे. सर्व पूर्ववत कसे करावे?

उत्तर १:
ते सत्र कृपया बंद करू नका. एसएसएच बिघडलेले नाही, ते जाणूनबुजून नकार देत आहे. सर्व्हरवरील स्ट्रिक्टमोड्स हा पर्याय मुळातच चालू असतो, आणि होम डिरेक्टरी, डॉट-एसएसएच (किल्ल्यांचे फोल्डर) किंवा ऑथराइज्ड-कीज (त्यातील मान्य किल्ल्यांची फाइल) यांपैकी कशातही मालकाखेरीज इतरांना लिहिता येत असेल, तर तो किल्ली ग्राह्य धरत नाही. परवानगीचे तीन आकडे क्रमाने मालक, गट व इतर यांचे असतात: ७ म्हणजे सर्व काही, ६ वाचणे-लिहिणे, ५ वाचणे-चालवणे, ४ फक्त वाचणे, ० काहीच नाही. होम डिरेक्टरीला ७५० (उबुंटू २१.०४ पासून नव्या खात्यांना हीच परवानगी मिळते), डॉट-एसएसएचला ७००, आणि ऑथराइज्ड-कीज व खाजगी किल्लीला ६०० द्या. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झाल्यावरच पहिली बंद करा.

उत्तर २:
वरील उपाय योग्य आहे, मात्र क्रम सांभाळा: आधी उरलेल्या फाइली नीट करा आणि डॉट-एसएसएच शेवटी घ्या, अन्यथा सरसकट दिलेली ६४४ परवानगी खाजगी किल्लीही इतरांना वाचायला खुली करेल. अनेक जण येथे सीएचमॉडमधला कॅपिटल एक्स (फोल्डरांना आणि आधीच चालवता येणाऱ्या फाइलींनाच चालवण्याची परवानगी देणारे अक्षर) सुचवतात, पण तो तुमच्या कामाचा नाही. ज्या फाइलवर चालवण्याची परवानगी आधीच आहे तिच्यावर तो ती तशीच ठेवतो, आणि ७७७ मुळे ती आता प्रत्येक फाइलवर आहे. म्हणून फाइंडने (फाइली शोधणाऱ्या आज्ञेने) फोल्डर वेगळे काढून त्यांना ७५५ आणि साध्या फाइलींना ६४४ द्यावे. यात तुमच्या स्क्रिप्टही चालेनाशा होतील; गिटमधल्या (फाइलींतील बदल नोंदवणाऱ्या साधनातल्या) प्रकल्पांत कोणत्या, ते गिट डिफ ही आज्ञा सांगेल, कारण तेथे जुना मोड १००७५५ आणि नवा १००६४४ असा फरक दिसतो. डॉट-जीएनयूपीजी (सांकेतिकीकरणाच्या किल्ल्यांचे फोल्डर) असल्यास त्यालाही ७०० द्या.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार, लॉगिन झाले. परंतु तो प्रोग्रॅम पुन्हा अडला आहे, आणि त्याच्या फाइलचा मालक रूट (सर्वाधिकारी प्रशासक खाते) दिसतो.

उत्तर ३:
मूळ दुखणे हेच होते. तो प्रोग्रॅम कधीतरी सुडोने चालवला गेला असावा, त्यामुळे फाइल रूटच्या नावावर तयार झाली. परवानग्या कितीही सैल केल्या तरी मालकी बदलत नाही. फाइंडला नॉट-युजर हा निकष देऊन तुमच्या मालकीच्या नसलेल्या फाइलींची यादी काढा, ती वाचा आणि मगच त्यांच्यावर सीएचओन (मालक बदलणारी आज्ञा) चालवा. आतल्या फोल्डरांसह मालकी बदलताना डॉट-तारा (.*, म्हणजे टिंबाने सुरू होणारे सर्व काही) असा नमुना कधीही देऊ नका: बॅशच्या (तुमच्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ५.२ पूर्वीच्या आवृत्त्यांत त्यात दोन टिंबांची वरची डिरेक्टरीही येते, आणि मग सर्व्हरवरील इतरांची खातीही तुमच्या नावावर होतात.