कंगोऱ्यांचा गळा उलटवल्यावर चुण्या पडतात

प्रश्न

नमस्कार. गेली दोन वर्षे मी स्वतःचे कुर्ते घरीच शिवते. गोल आणि चौकोनी गळे आता बऱ्यापैकी जमतात. मात्र या वेळी प्रथमच कंगोऱ्यांचा (कडेला ओळीने अर्धगोल फुगवटे असलेला) गळा शिवून पाहिला आणि तो पार फसला. कापड मऊ सुती आहे. कुर्त्याचा गळा आधी कापून घेतला, त्याच आकाराची पट्टी कापली, सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून १ सेंटिमीटर माया (टिपेबाहेर राहणारी कापडाची कड) धरून टीप घातली, थोड्या थोड्या अंतरावर कट दिले आणि पट्टी आत उलटवली. आता प्रत्येक दोन कंगोऱ्यांमधल्या कोनातून चुण्या निघतात, कंगोरे गोल न दिसता ठेचल्यासारखे दिसतात, पट्टी बाहेर डोकावते आणि डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर खाली उतरली आहे. इस्त्री करूनही फरक पडला नाही. चूक नेमकी कोठे झाली, हे कसे ओळखावे? याच गळ्याला बारीक पायपिंग (आत दोरी घातलेली कापडी किनार) लावण्याचीही इच्छा आहे.

प्रतिसाद १

चूक ओळखण्यासाठी पट्टी पुन्हा बाहेर काढा आणि गळा टेबलावर सपाट ठेवून फक्त टिपेची रेघ पाहा. रेघच कोनाकोनांची असेल, तर दोष टीप घालण्यात आहे. रेघ सुबक गोल असूनही उलटवल्यावर आकार बिघडत असेल, तर दोष मायेत आहे. आपल्या वर्णनावरून मला मायेचीच शंका अधिक वाटते. कंगोऱ्याचा फुगवटा उलटला की त्याची माया आत लहान जागेत कोंबली जाते, आणि तेथे १ सेंटिमीटर माया फारच होते. ती ५ मिलिमीटरपर्यंत छाटावी व फुगवट्यावर साधा कट न देता लहान त्रिकोणी खाचा काढाव्यात. आतल्या कोनात उलट असते. तेथे सरळ कटच हवा, पण तो टिपेपासून एखाद्या धाग्याच्या अंतरापर्यंत जायला हवा. बहुतेक जण टीप तुटेल या भीतीने अलीकडेच थांबतात आणि मग त्या न कापलेल्या दोन-तीन मिलिमीटरांतून चुण्या फुटतात. ही भीती घालवण्यासाठी कोनाच्या दोन्ही अंगांना टाका दीड मिलिमीटरचा ठेवावा आणि नेमक्या कोनात एक टाका आडवा घेऊन मग वळावे, म्हणजे कात्रीच्या टोकाला जागा मिळते.

बाजू खाली उतरण्याचे कारण मात्र आपण गळा आधी कापला, हे आहे. वळणदार गळ्याची कड काही ठिकाणी उरेप (धाग्यांना तिरकी) येते, त्यामुळे ती हाताळतानाच ताणली जाते. नक्षीचा गळा शिवायचा असेल, तर आधी शिवावे आणि मग कापावे. पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर) मधोमध दुमडून त्यावर अर्धाच गळा काढावा, तो दुसऱ्या अर्ध्यावर उतरवून घ्यावा, फ्युजिंग पट्टीच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटवावे आणि खांदे जोडण्याआधी ही पट्टी पुढच्या भागाच्या सुलट बाजूवर, मध्याची घडी मध्याच्या घडीवर येईल अशी, धावदोऱ्याने टाचावी. टीप मधल्या कंगोऱ्यापासून एका खांद्याकडे आणि पुन्हा मध्यापासून दुसऱ्या खांद्याकडे घालावी. आतले कापड त्यानंतरच कापावे. शेवटी माया पट्टीकडे वळवून फक्त पट्टी आणि माया यांवर दाबटीप घालावी. कंगोऱ्यांत मशीन नीट फिरत नाही, म्हणून मी ती हातानेच घालते. वेळ लागतो, पण पट्टी बाहेर डोकावत नाही.

प्रतिसाद २

वरील पद्धतीशी सहमत आहे, फक्त मऊ सुती कापडाला फ्युजिंगऐवजी जाड कॅनव्हास लावू नये. गळा पुठ्ठ्यासारखा उभा राहतो.

पायपिंग पट्टीच्या आधी लावावी लागते, नंतर ती शिवणीत घालता येत नाही. कापड ४५ अंशांत उरेप कापावे. २ मिलिमीटरच्या दोरीसाठी साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीची उरेप पट्टी पुरते. दोरी सुती असल्यास आधी भिजवून वाळवावी, नाहीतर पहिल्या धुण्यातच ती आकसते आणि सगळा गळा चुरमडतो. (हे मी एका तयार झालेल्या कुर्त्यावर शिकले.) गळ्याची रेघ धावदोऱ्याने कुर्त्याच्या सुलट बाजूवर उतरवून घ्यावी, पायपिंगच्या मोकळ्या कडा गळ्याच्या आतल्या बाजूस ठेवाव्यात, फुगवट्यावर त्या कडांना कट देऊन पंख्यासारख्या उघडाव्यात आणि चेन लावण्याच्या फूटने दोरीला चिकटून शिवावे. मग वर पट्टी ठेवून कुर्त्याच्या उलट बाजूने त्याच टिपेवरून दुसरी टीप घालावी. आतल्या कोनात कडा एकावर एक चढतात, म्हणून कंगोरा ४ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर पायपिंगचा मोह टाळणेच मला योग्य वाटते.

प्रश्नकर्ती

दोघींचेही आभार. पट्टी बाहेर काढून पाहिली. टिपेची रेघ गोल आहे आणि कोनातले कट खरोखरच अर्ध्यावर थांबले आहेत. पण हा कुर्ता आता वाचवता येईल का?

प्रतिसाद १

कोनातले कट पुढे नेऊन आणि माया छाटून चुण्या जातील. उतरलेली बाजू मात्र तशीच राहील. ती सारखी करायची असेल, तर टीप उसवून गळा नव्याने आखावा लागेल व तो दोन्ही अंगांनी किमान १ सेंटिमीटर मोठा होईल. त्याआधी कुर्ता अंगावर घालून खांदे घसरत नाहीत ना, हे पाहावे. मागचा गळाही मोठा असेल, तर पुढचा आणखी वाढवू नये. अशा वेळी उसवलेल्या कडेला साधी उरेप पट्टी लावून गोल गळा करणे बरे. कंगोरे पुढच्या कुर्त्यावर करावेत, आणि तेही आधी चिंधीवर दोन कंगोरे शिवून, उलटवून पाहिल्यावर.