मदत हवी आहे: 'तुमच्या घरातल्या यंत्रांमुळे रेडिओत व्यत्यय येतो' म्हणत दोघे येऊन गेले (कोथरूड, पुणे)

सेक्रेटरी_बी_विंग

सोसायटी ३६ फ्लॅटांची. मंगळवारी दुपारी साडेबाराला गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोघे आले. वॉचमनला 'वायरलेस तपासणी' एवढंच सांगून थेट तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे ज्येष्ठ जोडपं राहतं. "तुमच्या टीव्ही, इन्व्हर्टर आणि राउटरमधून लहरी सुटतात, खोडदच्या दुर्बिणीला आणि पोलिसांच्या वायरलेसला त्रास होतो, तक्रार आली आहे" असं सांगितलं. हातात मोबाईलएवढं एक मीटर होतं. सेट-टॉप बॉक्सजवळ नेल्यावर आकडा ३८०च्या पुढे गेला आणि शिटी वाजायला लागली.

मग दंड टाळायचा असेल तर 'फिल्टर' बसवा म्हणाले. प्लगमध्ये खोचायचा पांढरा डबा, वर हिरवा दिवा. २००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असे २३६० रुपये क्यूआर कोडवर घेतले. बिल दिलं नाही. आधार कार्डाचा फोटो काढून नेला. एक जण चार-पाच मिनिटं राउटरपाशी एकटाच होता.

दोन प्रश्न आहेत. असं खातं खरंच घरोघर फिरतं का? आणि दुसरा जास्त महत्त्वाचा: त्या घरातल्या रेडिओवर मीडियम वेव्ह लावली की खरखर खरोखरच येते. म्हणूनच आजोबांचा विश्वास बसला. ती कशाची, हे कसं शोधायचं?

खरखर_शोधक

आधी त्या मीटरचं. वर्णनावरून ते साधं ईएमएफ मीटर आहे. ते आसपासचं विद्युत क्षेत्र व्होल्ट प्रति मीटरमध्ये दाखवतं, आणि घरातल्या ५० हर्ट्झच्या वायरिंगवरही तितकंच नाचतं. मिक्सरच्या वायरीजवळ धरा, भिंतीतल्या पाइपवरून फिरवा, आकडा चढणारच. लहर कोणत्या फ्रीक्वेन्सीची, किती ताकदीची, कुणाला त्रास देणारी, यातलं काहीही त्या आकड्यातून कळत नाही. व्यत्यय शोधणारा माणूस स्पेक्ट्रम ॲनालायझर आणतो. त्याच्या पडद्यावर आडवी फ्रीक्वेन्सी आणि उभी ताकद असा आलेख दिसतो, सोबत दिशा दाखवणारा अँटेना असतो.

खोडदचं नाव त्यांनी विचारपूर्वक घेतलेलं दिसतं, कारण पुण्यात ते सगळ्यांना माहीत आहे. ती दुर्बीण म्हणजे जीएमआरटी, आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकणारी. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या नारायणगावजवळ सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत, पुण्यापासून साधारण ८० किलोमीटर उत्तरेला. आजूबाजूचा रेडिओ गोंगाट कमी, हे ती जागा निवडण्याचं एक मोठं कारण होतं. तिथल्या लोकांना व्यत्ययाची काळजी असते हे अगदी खरं, पण ती तबकड्यांच्या परिसरातली. स्वस्त एलईडी किंवा अडॅप्टरचा गोंगाट मुख्यतः ३० मेगाहर्ट्झच्या खाली असतो आणि काही दहा मीटरांत विरतो. जीएमआरटी ऐकते साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये. कोथरूडच्या सेट-टॉप बॉक्सचा तिच्याशी संबंध जोडणं निव्वळ थाप आहे.

आता खरखर. मीटर लागत नाही, सेलवर चालणारा रेडिओ पुरतो. मीडियम वेव्हवर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झला आहे. तिथून बाजूला सरकून केंद्र लागत नाही अशी मोकळी जागा पकडा आणि आवाज मोठा ठेवा. मग वितरण पेटीतले एमसीबी (एकेका लाइनची वीज तोडणारे खटके) एकेक करून खाली पाडा. ज्या एमसीबीला खरखर थांबली, त्या लाइनवरच्या वस्तू एकेक काढून पाहा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसा. चार्जर आणि अडॅप्टर रिमोटने बंद केलेल्या टीव्हीमागेही चालूच असतात.

इथे नेहमी एक चूक होते. मेन पाडला की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि गोंगाट तसाच राहतो किंवा वाढतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर स्वतःच जोरात घुमतो. माणसाला वाटतं, आपल्या घरातलं काही नाही. म्हणून आधी इन्व्हर्टरचं आउटपुट बंद करा, मगच मेन पाडा.

सगळं बंद करूनही खरखर तशीच असेल तर ती बाहेरची. रेडिओच्या आत फेराइटची (काळ्या चुंबकी पदार्थाची) आडवी दांडी असते, तोच त्याचा अँटेना. रेडिओ हळूहळू फिरवा. ज्या स्थितीत खरखर सर्वांत कमी होते, तेव्हा दांडीचं टोक गोंगाटाच्या दिशेला असतं. दोन खोल्यांतून अशा दोन रेषा काढल्या की त्या कुठे छेदतात ते पाहा. लिफ्टची मोटर, जिन्यातले दिवे किंवा शेजारचा फ्लॅट, यातलं एक काहीतरी निघतं.

आवाजावरूनही अंदाज येतो. पंख्याचा सलग फिरणारा रेग्युलेटर ट्रायॅकचा (वीज झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) असतो. तो टर्र करतो, वेग बदलला की सूर बदलतो, पूर्ण वेगावर जवळजवळ गप्प होतो. टक्‌टक्‌ टप्प्यांनी फिरणारे कपॅसिटरचे असतात, ते सहसा ओरडत नाहीत. अखंड घूं असेल तर एलईडी ड्रायव्हर किंवा अडॅप्टर. फक्त दिवसा येत असेल तर गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर तपासा. कोरड्या हवेत चरचर आणि पाऊस पडला की बंद, असं असेल तर विजेच्या खांबावर कुठेतरी ढिला जोड ठिणगी टाकतो आहे. त्या खांबाला हात लावू नका, ठोकूनही पाहू नका. महावितरणच्या १९१२ वर कळवा.

निवृत्त_दूरसंचार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. केंद्राच्या दूरसंचार विभागाकडे वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे आणि व्यत्ययाच्या तक्रारींवर ती खरोखर काम करते. घरांच्या बाबतीत नेहमी सापडतो तो मोबाईल सिग्नलचा बेकायदा बूस्टर. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या वाड्यात रेंज येत नाही म्हणून लोक गच्चीवर अँटेना आणि खाली ॲम्प्लिफायर लावतात. आतला आणि बाहेरचा अँटेना एकमेकांना ऐकायला लागले की तो डबा आपोआप ओरडायला लागतो आणि टॉवरचा अपलिंक (फोनकडून टॉवरकडे जाणारा मार्ग) गोंगाटाने भरतो. मग त्या भागातले सगळेच कॉल तुटायला लागतात.

अशा वेळी क्रम असा: मोबाईल कंपनीला टॉवरवरच गोंगाट दिसतो, त्यांची माणसं रस्त्यावरून दिशादर्शक अँटेना फिरवत इमारत हेरतात, विभागाला कळवतात, मग विभागाची माणसं येतात. पुढची कारवाई लेखी नोटिशीने होते. दारात उभं राहून क्यूआर कोड दाखवणं, डबा विकणं, आधारचा फोटो काढणं यातलं एकही पाऊल त्यात बसत नाही. टीव्ही, रेडिओ ऐकायला परवाना लागायचा तो ऐंशीच्या दशकातच रद्द झाला. पोस्टात पैसे भरलेल्या पिढीच्या मनात मात्र तो अजून आहे आणि ही माणसं नेमकं तिथेच बोट ठेवतात. घरच्या वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झलाही परवाना लागत नाही.

तुमच्या गच्चीवर कुणी बूस्टर लावला असेल तर मात्र काढा. ते खरंच बेकायदा आहे.

तपकीर_गल्ली

तो पांढरा डबा परत प्लगमध्ये खोचू नका. वीज वाचवण्याच्या नावाने विकतात त्याच जातीचा दिसतो. आत बहुतेक वेळा एक कपॅसिटर, एक रेझिस्टर आणि तो हिरवा दिवा असतो. दिवा नुसत्या वीजप्रवाहावर लागतो, फिल्टर होतंय याची ती खूण नाही. शिवाय कपॅसिटर मेनला जोडण्याच्या वर्गाचा नसेल तर शॉर्ट होऊन पेट घेतो. तिथे एक्स-२ वर्गाचाच, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला लागतो.

खऱ्या फिल्टरमध्ये एकाच गाभ्यावर दोन्ही वायरी गुंडाळलेला चोक, दोन्ही वायरींच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२, आणि कधीकधी अर्थिंगकडे जाणारे दोन छोटे वाय वर्गाचे कपॅसिटर असतात. या शेवटच्यांनी जुन्या घरात घोटाळा होतो: अर्थिंग नसेल तर यंत्राच्या धातूच्या अंगावर सुमारे ११५ व्होल्ट तरंगतात आणि हात लावला की झिणझिण्या येतात. फिल्टर लावण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

बहुतेक वेळा तेवढंही लागत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चिमट्यासारखा उघडणारा फेराइट मिळतो. गोंगाट करणाऱ्या वस्तूच्या अगदी जवळ वायरीवर बसवा, दोन-तीन सेंटिमीटरवर. शक्य असेल तर वायर त्यातून तीन वेळा ओवा. रोध वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तीन वेढ्यांना साधारण नऊपट. एकच वेढा देऊन मीडियम वेव्हवर फरक पडला नाही म्हणून लोक फेराइटला नावं ठेवतात. चूक वेढ्यांची असते. आणि गुन्हेगार दहा-वीस रुपयांचा बिननावाचा चार्जर असेल तर फेराइटवर पैसे घालू नका, चार्जरच बदला. नवीन घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर-' पुढचा आठ आकडी क्रमांक पाहा. ती खूण सुरक्षिततेची आहे, गोंगाटाची हमी नव्हे. तरी आतलं फिल्टरच गाळलेला माल त्यात कमी सापडतो, असा दुकानातला अनुभव.

राउटरवाला

चार-पाच मिनिटं एकटा होता म्हणजे खालच्या स्टिकरचा फोटो त्याच्याकडे आहे असंच धरून चाला. त्यावर वाय-फायचा आणि बऱ्याचदा ॲडमिनचाही पासवर्ड छापलेला असतो. आज करायचं ते असं: ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (स्टिकरवर वेगळा पत्ता असेल तर तो) उघडा, दोन्ही पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय बटणाने जोडणी) आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर हाताळणं) बंद करा, डीएनएसच्या (वेबसाइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या) रकान्यात कुणी अनोळखी पत्ता टाकलाय का पाहा. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत न ओळखणारं काही असेल तर काढून टाका. मागच्या पोर्टमध्ये जास्तीची वायर किंवा छोटा डबा खोचलेला नाही ना, हेही पाहा.

रिसेटचं भोक दहा सेकंद दाबायची घाई करू नका. फायबरच्या डब्यात कंपनीने भरलेली माहिती त्याने पुसली जाते आणि इंटरनेट बंद पडतं. आधी कंपनीला फोन करा.

सेक्रेटरी_बी_विंग

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी एमसीबी पाडून पाहिले. हॉलची लाइन पाडली तेव्हा खरखर निम्म्याने कमी झाली, पूर्ण गेली नाही. पासवर्ड बदलले. पोलिसांत जावं का? रक्कम लहान आहे, आजोबा नको म्हणतात.

खरखर_शोधक

निम्म्याने म्हणजे उगम दोन आहेत. हॉलची लाइन पाडलेलीच ठेवा आणि बाकीचे एमसीबी पुन्हा एकेक पाडा. आधी सापडलेला पहिला गप्प केल्याशिवाय दुसरा नीट ऐकू येत नाही.

कायदा_पेठ

जाच. सरकारी नोकर असल्याची बतावणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे: किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दंड. रक्कम किती याचा त्याच्याशी संबंध नाही. फसवणुकीचं कलम ३१८ वेगळं. पैसे क्यूआरवर गेलेत म्हणून आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा संदर्भ क्रमांक) हाताशी ठेवा. तिथे तासातासाला महत्त्व आहे, मंगळवारचे पैसे अजून खात्यात असतील तर रोखता येतात. मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज: वेळ, वर्णन, गेटच्या कॅमेऱ्याचं चित्रण, क्यूआरवर दिसलेलं नाव, तो डबा. डबा उघडू नका, आहे तसा पिशवीत घालून न्या. कॅमेऱ्याचं चित्रण बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीस दिवसांत आपोआप पुसलं जातं, ते आजच पेनड्राइव्हवर काढा.

आधारचं बायोमेट्रिक एमआधार ॲपवरून लॉक करा. आजोबांना जमत नसेल तर शेजारी बसून त्यांच्याच फोनवरून करा, ओटीपी त्यांच्याच नंबरवर येतो. आणि जीएसटी घेतला म्हणजे बिलावर पंधरा आकडी-अक्षरी क्रमांक हवाच. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो.

सेक्रेटरी_बी_विंग

चित्रण काढलं. १९३० वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. उद्या सकाळी आजोबांना घेऊन ठाण्यात जातो. गेटवर ही पाटी लावतोय, चूक असेल तर सांगा:

"वीज, इंटरनेट, गॅस, वायरलेस: कोणत्याही तपासणीला आलेल्या माणसाने गेटवरच थांबावे. वॉचमन ओळखपत्राचा फोटो काढेल आणि सेक्रेटरीला फोन करेल. संबंधित कार्यालयाचा नंबर आम्ही स्वतः शोधून लावू, आलेल्या माणसाने दिलेला नाही. दारात पैसे, ओटीपी, आधार देऊ नये. शंका आल्यास ११२."

निवृत्त_दूरसंचार

बरोबर आहे. एक ओळ वाढवा: "लेखी नोटीस दाखवा." आणि पाटी लिफ्टच्या आतही लावा. दुपारी घरात असणारी ज्येष्ठ मंडळी गेटपर्यंत उतरत नाहीत.