पियानोच्या पट्ट्यांची सफाई आणि ट्यूनरची तब्येत: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी मुंबईत पियानोचं ट्यूनिंग आणि दुरुस्ती करते. वांद्रे-गिरगावातल्या जुन्या घरांतले अपराइट म्हणजे उभे पियानो, शाळांतले, चर्चमधले, सगळेच. दोन बाबतींत सल्ला हवाय.

एका संगीतवर्गातल्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर काळपट, चिकट थर बसतो. मुलं खाऊन तशीच वाजवायला बसतात. वर्गाच्या बाई प्रत्येक बॅचनंतर सॅनिटायझर फवारतात. त्यांची काळजी मला कळते, पण अल्कोहोलने काही प्लॅस्टिकना बारीक चिरा पडतात आणि काळ्या लाकडी पट्ट्यांचा रंग उतरू शकतो. हस्तिदंती पट्ट्यांना तर पाण्याचंही भय. हस्तिदंत ओळखायचा तर त्याच्या अंगावर बारीक रेषा दिसतात आणि पांढऱ्या पट्टीवर, शेजारच्या काळ्या पट्टीच्या पुढच्या टोकापाशी, आडवा सांधा असतो, कारण हस्तिदंत दोन तुकड्यांत बसवलेला असतो. जुन्या पियानोत हे तुकडे सरसाने चिकटवलेले असतात. ओल आत गेली की सुटतात.

माझी पद्धत साधी आहे. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब, सुती फडकं अगदी घट्ट पिळून, पट्टी मागून आपल्याकडे पुसायची. आडवं पुसलं की पाणी फटीत उतरतं. चार-पाच पट्ट्या झाल्या की लगेच कोरडं फडकं. काळ्या पट्ट्यांना फडकं वेगळं, नाहीतर त्यांचा रंग पांढऱ्यांना लागतो. पण हे रोज कोण करणार? लहान मुलांचे वर्ग घेणाऱ्यांनी वाजवण्याआधी हात धुवायची शिस्त कशी लावली, ते सांगा.

दुसरं, माझ्या तब्येतीचं. पट्ट्या उचलल्या की खाली वर्षानुवर्षांची धूळ, कसरीने खाल्लेल्या फेल्टचा (दाबलेल्या लोकरी कापडाचा) भुगा आणि बऱ्याचदा उंदराच्या लेंड्या. पट्टीचा तोल साधायला तिच्या लाकडात शिशाच्या गोळ्या बसवलेल्या असतात. आपल्या दमट हवेत त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, कधी शिसं फुगून लाकूड चिरतं. मास्क लावते, तरी संध्याकाळी खोकला येतो. शिवाय तार स्थिर बसावी म्हणून पट्टी जोरात ठोकावी लागते, तारा दोनशेच्या वर. काम संपलं की उजव्या कानात बराच वेळ शिट्टी वाजत राहते. कान हीच माझी रोजीरोटी, त्यामुळे हे मनाला फार लागून राहिलंय. मिरजेकडे किंवा इतरत्र वाद्यं बनवणारे-दुरुस्त करणारे कुणी असतील तर तुम्ही काय करता?

प्रतिसाद:
ताई, मी कामगारांच्या आरोग्याचं काम बघतो. लेंड्या दिसल्या तर आधी झाडू नका आणि व्हॅक्यूमही नको, कोरडी धूळ हवेत उडते. हातमोजे घालून जंतुनाशकात भिजवलेला कागद त्यांच्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, मग उचला. लाकडाला ओल लागेल म्हणून कागद ठिबकता नको. उंदराच्या मुतातून लेप्टोची लागण होते, म्हणून हाताला चीर असेल तर मोज्याशिवाय अजिबात नको. शिशाची भुकटी ब्लोअरने कधीच उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि ते फडकं पुन्हा वापरू नका. कापडी मास्क उपयोगाचा नाही, चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ घ्या. डबा खाण्याआधी साबणाने हात धुवा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. रक्तातल्या शिशाची तपासणी एकदा करून घ्या. कानाची शिट्टी अंगावर काढू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. कानाच्या सुरक्षेसाठी साधारणपणे ८५ डेसिबल आवाज आठ तास ही मर्यादा मानतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो.

मूळ लेखिका:
मनापासून आभार. ऑडिओग्रामची वेळ याच आठवड्यात घेते. एक शंका उरली: कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांनी वरचे स्वर इतके दबतात की दोन तारांमधली लहर (सूर किंचित वेगळे असले की आवाज कमी-जास्त होतो ती) ऐकूच येत नाही, आणि ट्यूनिंग तर त्या लहरीवरच चालतं. सगळे स्वर सारखेच कमी करणारे, वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात. कानाचं माप देऊन ते मुंबईत कुणी करून घेतलेत का? ते घालून लहर नीट ऐकू येते का?