बोलू न शकणाऱ्या पेशंटसाठी घरी माणूस ठेवायचाय, पारखायचं कसं? (सांगली)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बाबा ७९ वर्षांचे. मागच्या महिन्यात पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं बरंचसं. हो म्हणायचं असेल तर डोळे मिटतात, नको असेल तर मान फिरवतात. नाकातून फीडची (पातळ अन्नाची) नळी आहे, लघवीचीही आहे. येत्या शनिवारी मिरजेहून डिस्चार्ज. घर विश्रामबागला. आई ७३ ची, तिचे गुडघे गेलेत. मी पुण्यात नोकरीला, शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परत. भाऊ मस्कतला.

घरी माणूस ठेवणं भागच आहे. एका ब्यूरोवाल्याने 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड' म्हणून लॅमिनेट केलेला कागद दाखवला. म्हणतो ट्रेन्ड सिस्टर देतो, बारा तासांचे बाराशे, एक महिना अ‍ॅडव्हान्स. दुसरा म्हणतो साडेसातशेत देतो, बाई 'अनुभवी' आहे. तिसरा पर्याय म्हणजे शेजारच्या काकूंच्या ओळखीतला कुपवाडचा एकजण, त्याने आधी एका आजोबांचं सगळं केलंय, पण शिक्षण नववी. पैशाचा प्रश्न नाही असं म्हणणार नाही, आहेच. पण खरी भीती वेगळी आहे. बाबांना कुणी दामटवलं, उपाशी ठेवलं, ओल्यात ठेवलं, तरी ते सांगू शकणार नाहीत. आई बाहेरच्या खोलीत असेल. मग मला कळणार कसं?

पेन्शनर

मंत्रालयात बरीच वर्षं फायली ढकलल्यात, म्हणून कागदापुरतं सांगतो. तो लॅमिनेट केलेला कागद नीट वाचा. बहुतेक वेळा ती दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद असते. झेरॉक्सच्या दुकानालाही तीच मिळते. आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती सूचना दिली की झालं, कुणी तपासायला येत नाही. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते, पण तुमच्या घरी माणूस पाठवणारा ब्यूरो म्हणजे काही नर्सिंग होम नव्हे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान निकष आणायचे, असं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. त्याचा कायदा काही झाला नाही. तेव्हा सरकारने कुणीतरी तपासून पाठवलाय या भ्रमात राहू नका.

आधार कार्डाची प्रत, मूळ गावचा पत्ता आणि पोलीस पडताळणी एवढं करून घ्याच. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. आणि १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर आईंच्या फोनमध्ये घालून ठेवा.

वॉर्ड नंबर ९

मी सिस्टर. सरकारी दवाखान्यात मेडिसिन वॉर्डात हयात गेली, आता रिटायर होऊन ओळखीपाळखीच्या घरी ड्रेसिंग आणि नळ्यांची कामं करते. पेन्शनर साहेबांचं बरोबर आहे, पण पोलीस पडताळणीने चोर कळतो, कूस वळवता येते की नाही ते कळत नाही.

आधी कामाचे दोन भाग करा. फीडची नळी घालणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग हे सिस्टरचं काम, आणि ते रोज बारा तास नसतं. त्यासाठी आठवड्यातून एखादी फेरी मारणारी सिस्टर बघा, नळी निघाली तर फोन करता येईल अशी. बाकी अंघोळ, कूस, डायपर, फीड देणं, तोंड धुणं हे केअरटेकरचं. ब्यूरो बाराशे घेऊन 'ट्रेन्ड सिस्टर' म्हणतोय ना, त्याला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. नर्सिंगचा एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा कोर्स आहे, पास झाल्यावर कौन्सिलकडे नाव लागतं. नंबर नसेल तर ती सिस्टर नाही. म्हणजे वाईट आहे असं नव्हे, पण तिला सिस्टरचा दर देऊ नका आणि तिच्याकडून सिस्टरचं कामही करून घेऊ नका.

आता मुद्द्याचं. मुलाखत घेऊन काही कळत नाही. सगळे म्हणतात "सगळं येतं". डिस्चार्जच्या एक-दोन दिवस आधी त्या माणसाला वॉर्डात बोलवा, वॉर्डच्या सिस्टरला सांगा की याच्याकडून एक फीड आणि एकदा कूस बदलून घ्या. कुठलीही सिस्टर नाही म्हणणार नाही, आमचं काम तेवढंच हलकं होतं. तुम्ही बाजूला उभं राहून गप्प बघा.

हात धुतले का, ते पहिलं. दुसरं, चादर काढायच्या आधी तो बाबांशी बोलला का. "आजोबा, आता या कुशीवर घेतो हं", एवढं एक वाक्य. बोलता न येणाऱ्या पेशंटशी जो बोलत नाही, त्याच्या लेखी ते ओंडकाच. तिसरं मी सगळ्यात बारकाईने बघते: उठवताना उजव्या हाताला धरून ओढतो का, किंवा काखेत हात घालून उचलतो का. पॅरालिसिसमध्ये खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, ओढलं की सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतं. बाबा ओरडूही शकणार नाहीत. ज्याला माहीत आहे तो लुळ्या हाताला खालून आधार देतो, गुडघा वाकवतो, खांदा आणि कंबर धरून दोन्ही एकाच वेळी वळवतो. दोन मिनिटांत कळतं.

मग फीड. डोक्याकडची बाजू उचलून अर्धवट बसतं केलं पाहिजे, आणि फीड झाल्यावर निदान अर्धा तास तसंच ठेवलं पाहिजे, लगेच आडवं नाही. नाकपुडीशी नळीवर कुठली खूण आहे ते दर वेळी बघायचं. खूण बाहेर आलेली दिसली तर फीड द्यायचं नाही, नळी परत आत सारायचीही नाही, सिस्टरला फोन. सिरिंजचा दांडा काढून नुसतं नळकांडं वर धरायचं, फीड आपल्या वजनाने गेलं पाहिजे. दांडा दाबून जो जोरात ढकलतो, त्याला घाई आहे. शेवटी पाणी घालून नळी स्वच्छ. खोकला आला की थांबायचं. आणि गोळ्या कुटून देता येतात का ते डॉक्टरांना विचारा, नावापुढे एसआर किंवा एक्सआर असलेली गोळी कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

कुपवाडच्या माणसाला आधी बोलवा. नववी शिकलाय म्हणून बाद करू नका. त्या आधीच्या आजोबांच्या घरी फोन करा, पण "माणूस कसा आहे" विचारू नका, सगळे चांगलाच म्हणतात. विचारा, आजोबांना शेवटी माकडहाडावर पडून राहून होते ती जखम होती का? असली तर येताना होती की घरी झाली? सुट्टीला जाताना सांगून जायचा का? उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात तेही ऐका.

कृष्णाकाठ

सिस्टर, मनापासून आभार. ब्यूरोवाल्याला कौन्सिलचा नंबर विचारला. म्हणाला, "मॅडम, ते सगळ्यांचं सेमच असतं." विषय संपला. कुपवाडच्या भाऊंना उद्या वॉर्डात बोलावलंय. भाऊ मस्कतहून म्हणतोय की बाबांच्या खोलीत कॅमेरा लाव, मोबाइलवर दोघं बघू. लावू का?

माणदेशी

मी हेच काम करते. आटपाडीकडची, सध्या पुण्यात. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

कॅमेरा लावा पण सांगून लावा. मला एका घरात नंतर कळलं, पेशंटची अंघोळ चालू असताना परदेशातली सून बघत होती. आजींना कळलं असतं तर त्या मेल्याच असत्या लाजेनं.

दुसरं म्हणजे २४ तासाची ड्युटी ठेवणार असाल तर त्या माणसाने झोपायचं कधी ते ठरवा. रात्री दर दोन तासाला कूस बदलायची, मधे डायपर, सकाळी सहाला फीड. एकच माणूस आठवडाभर असं जागला की त्याच्या हातून पेशंट पडणारच. मग घरचे म्हणतात बाईचं लक्ष नव्हतं. दिवसाचा एक, रात्रीचा एक ठेवा, नाहीतर दुपारी चार तास त्याला झोपू द्या आणि तेव्हा दुसरं कुणीतरी बघा. जेवण वेळेवर द्या, उरलंसुरलं नको. आणि धुणंभांडी, आलेल्या पाहुण्यांचा चहा यातच दिवस गेला तर पेशंटकडे कोण बघणार? मला अशी घरं भेटलीत जिथं पेशंट सोडून सगळं काम होतं.

तुम्ही साडेसातशे दिले तर ब्यूरो त्यातले किती कापतो तेही विचारा. पैसे आमच्यापर्यंत कमी पोचले की माणसं टिकत नाहीत, दर पंधरा दिवसाला नवा चेहरा. आजोबांना बोलता येत नाही, तर प्रत्येक नव्या माणसाला त्यांच्या खुणा कोण शिकवणार?

उचलायचं म्हणाल तर जाड पुरुषाला वळवणं एकट्या बाईला जमत नाही, कुणी हो म्हणत असेल तर खोटं आहे. पाठीखाली आडवी घडीची चादर घालून ठेवा, दोघांनी दोन्हीकडून धरून सरकवायचं. ओढायचं नाही, कातडी सोलते.

वॉर्ड नंबर ९

माणदेशी ताईंनी लिहिलंय ते आमच्या कॉलेजात शिकवत नाहीत, शिकवायला हवं.

कॅमेऱ्याचं माझं मत विचाराल तर हॉलमध्ये लावा, खोलीत लावायचाच असेल तर त्या माणसाला आणि बाबांना दोघांना विचारून, आणि अंघोळ-डायपरच्या वेळी बंद. बाबांना समजतंय, तेव्हा त्यांनी मान फिरवली तर विषय तिथेच संपला. तसंही कॅमेऱ्यात माणूस खुर्चीत बसलेला दिसतो, पेशंट ओला आहे ते दिसत नाही.

तुम्ही शुक्रवारी रात्री पोचता ना? मग शनिवारची अंघोळ त्या माणसाबरोबर तुम्ही घाला. तपासणी म्हणून नाही, मदत म्हणून. तेवढ्यात सगळं अंग डोळ्याखालून जातं. माकडहाड, दोन्ही टाचा, घोट्याची हाडं, कानामागे, आणि नळीची चिकटपट्टी लावतात ती नाकपुडी. कुठे लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर आताच कूस बदलायला लागा, वाचेल. दाबूनही लालच राहिलं तर जखमेची सुरुवात झालीये, सिस्टरला दाखवा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं. वर पावडर चोपडू नका, चोळू तर अजिबात नका.

तोंड उघडायला लावा. नळीवरच्या पेशंटचं तोंड धुवायचं सगळे विसरतात, जेवतच नाही तर दात कशाला घासायचे म्हणून. जिभेवर जाड पांढरा थर असेल तर आठवडाभर कुणी हात लावलेला नाही. तीच घाण फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी बघा: पलंगाच्या कडेला कमरेखाली टांगलेली हवी, फरशीवर लोळणारी नको, आणि कूस बदलताना पोटावर ठेवलेली तर मुळीच नको, लघवी उलटी आत जाते. लुळ्या हाताची मूठ उघडून बघा. तळवा स्वच्छ, नखं कापलेली असतील तर त्या माणसाला दिवाळीला बोनस द्या, कारण तिथवर फार थोडे जातात.

पेशंट दिवसभर पेंगत असेल तर गोळ्यांच्या पाकिटातल्या गोळ्या मोजा. झोपेच्या गोळ्या लिहून दिलेल्या असतील तर त्या आईंच्या ताब्यात ठेवा, एका वेळेपुरती काढून द्यायची.

एक वही ठेवा, शंभर पानी. वेळ, फीड किती मिली, लघवी किती, शौच, कूस डावी की उजवी. सगळे रकाने एकाच शाईत, एकाच दमात भरलेले दिसले तर ती वही रात्री जेवताना लिहिलीये असं समजा. खरी वही मळते, तिच्यावर फीडचे डाग असतात.

आणि बाबांना विचारा. माणूस खोलीत नसताना, हो-नकोच्या प्रश्नात. "रात्री दुखतं का?" "हा भाऊ उद्या येऊ दे का?" एकच प्रश्न उलटा करून पण विचारा, म्हणजे डोळे नुसतेच मिटत नाहीत ना ते कळेल.

पेन्शनर

ब्यूरोकडूनच घेतलात तर महिन्याचा अ‍ॅडव्हान्स एकदम देऊ नका, आठवड्याच्या बोलीवर घ्या. माणूस आला नाही तर किती तासांत बदली देणार आणि पैसे कसे वळते करणार, हे लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलंत तरी चालेल. तोंडी काहीही नको.

कृष्णाकाठ

कुपवाडचे भाऊ वॉर्डात येऊन गेले. हात धुतले. बाबांना "अण्णा" म्हणून हाक मारली, म्हणाले आमच्याकडे वडील माणसाला अण्णाच म्हणतात. उजवा हात आधी उचलून छातीवर ठेवला आणि मग वळवलं. फीडच्या वेळी मात्र सिरिंजचा दांडा दाबला. वॉर्डच्या सिस्टरने थांबवून दाखवलं, दुसऱ्या वेळी नीट केलं. नळीवरची खूण त्यांना माहीत नव्हती, आता माहीत आहे. आधीच्या आजोबांच्या सुनेला फोन केला. हॉस्पिटलमधूनच जखम घेऊन आले होते, भाऊंनी आणि ड्रेसिंगवाल्या सिस्टरने मिळून बरी केली म्हणाली.

रात्रीसाठी भाऊंनीच त्यांच्या मेव्हण्याचं नाव सुचवलंय, त्यालाही शुक्रवारी वॉर्डात बोलावलंय. ब्यूरोला नाही कळवलं. आईचा सूर अजून "परका माणूस घरात" असाच आहे.

सिस्टर, एकच विचारते. एअर मॅट्रेस (पंपाने हवा भरायची गादी) भाड्याने मिळतेय. ती असली तर रात्रीची कूस चार तासांनी बदलली तर चालेल का? मेव्हणा तेच विचारत होता.

वॉर्ड नंबर ९

मॅट्रेस घ्याच. पण सुरुवातीला दोन तासच ठेवा, मॅट्रेस कूस बदलत नाही. थोडे दिवस कातडी कशी राहते ते बघून, फेरीवाल्या सिस्टरला विचारून मग अंतर वाढवा. आणि लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडला की गादी बसते, मेव्हण्याला सांगून ठेवा.