करार झाला म्हणून वेलीला घड लागत नाहीत

निफाडकर:
'आकडेबाज' यांनी परवा लिहिलं की जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला, द्राक्षावरचं शुल्क जाणार, तेव्हा नाशिकच्या बागायतदारांनी पावसाचं रडगाणं थांबवून माल पिकवावा. पेरू देशाला जमतं तर आपल्याला का नाही. वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो.

करार झाला तेव्हा शुल्क आठ टक्क्यांच्या आसपास होतं. ते जातंय याचा मला आनंदच आहे. पण २०२५ चा मे आठवा. वळवाचा म्हणून जो पाऊस लागला तो हटलाच नाही, आणि २६ मेला तर मोसमी पाऊस मुंबईत पोचलासुद्धा. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या पहिल्या छाटणीनंतर, काडीत घड तयार होतो तो याच दिवसांत, आणि त्याला ऊन लागतं. ऊन नव्हतं. पुढे पावसाळ्यानंतर फळासाठीची गोडी छाटणी घेतली, फुटी जोमात निघाल्या, पण आमच्या थॉमसन जातीच्या प्लॉटात निम्म्या वांझ, घडच नाही. जो घड लागलाच नाही त्यावर शुल्क शून्य असलं काय आणि शंभर असलं काय!

आणि पाऊस नुसता माल कमी करत नाही, फवारण्या वाढवतो. डाऊनी हा बुरशीचा रोग दिसला की माणूस रात्रीसुद्धा फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत शिरतो. तिकडे युरोपात रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश, तपासतात. २०१० मध्ये सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून आपले कंटेनर अडकले. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. तेव्हा शुल्काने कुणी बुडालं नव्हतं, रिपोर्टने बुडालं. पावसाळा लांबला की काढणीच्या जवळ फवारणी येते आणि ही टांगती तलवार परत डोक्यावर. करारात यावर उपाय कुठे आहे ते दाखवा.

आकडेबाज:
निफाडकर, आठ टक्के किरकोळ वाटत असतील तर एक कंटेनर घ्या. तेरा-चौदा टन माल. म्हणजे जवळजवळ टनभर द्राक्षांचे पैसे सीमेवर ठेवून यायचे. चिली २००३ पासून युरोपात करारावर माल विकतोय, पेरू २०१३ पासून. आपली युरोपशी बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली, २०२२ ला पुन्हा सुरू. मधल्या काळात पेरूने वाळवंटात बागा उभ्या केल्या. हवामानाने त्यांनाही सोडलं नाही. २०१७ चा किनारी एल निनो (समुद्र तापून आलेली अतिवृष्टी) आणि मार्च २०२३ चं याकू चक्रीवादळ त्यांनीही सोसलं. तरी ते उठले, कारण बाजार हातात होता. पाऊस माझ्या हातात नाही आणि सरकारच्याही नाही. करार आहे.

रॉटरडॅमहून:
मी इथे फळं आयात करणाऱ्या कंपनीत माल तपासते, रोज पेट्या उघडते. आकडेबाज, खरेदी करणारे शुल्काची चौकशी पहिली करतात, हे खरं. पण सुपरमार्केटला कोणत्या आठवड्यात किती पेट्या येणार याची खात्री लागते. पेरू आणि दक्षिण आफ्रिका ती देतात, शिवाय स्वामित्व हक्काच्या नव्या जातींमध्ये देतात. आपल्याकडून ऐन वेळी फोन येतो की पाऊस झाला, मणी तडकले, पेट्या कमी येतील. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून आली. देठ वाळलेली नाशिकची द्राक्षं मी स्वतः बाजूला काढली आहेत. फार वाईट वाटलं होतं. ती पिकवणाऱ्याचा त्यात काय दोष?

विंचूरचा कांदा:
परदेशी शुल्कावर एवढी चर्चा चालली आहे, म्हणून विचारतो, घरचं दार कोण बंद करतं? १९ ऑगस्ट २०२३, कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबर अखेरीला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. डिसेंबरात सरळ बंदी. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी, आणि आमचा लाल, उन्हाळ कांदा चाळीत सडतोय. मे २०२४ ला बंदी उठली तर ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क मानगुटीवर ठेवूनच. शेवटचं २० टक्के शुल्क गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर पाकिस्तानचा कांदा आमच्या गिऱ्हाइकांकडे पोचला होता, आणि बांगलादेशाने स्वतःची लागवड वाढवली. २०१९ आणि २०२० ला पण बंदी होतीच. दर वेळी विश्वासाचं गिऱ्हाईक तुटतं. अशा देशाशी कोण करार करून माल घेईल?

कोथरूडकर:
आणि आमच्या पिशवीचं काय? कांदा ऐंशी रुपयांवर गेला तेव्हा कामाला येणाऱ्या ताई अर्धा किलोवर आल्या. शेतकऱ्यांचं दुःख मान्य आहे, पण देशात माल नसताना बाहेर पाठवायचा हे मला पटत नाही.

विंचूरचा कांदा:
ताई, दोन रुपये किलोने विकतो तेव्हा तुमच्या कामवाल्या ताईंना कोण आठवतं? तेव्हा एकही माणूस बोलत नाही. आमच्या शेजाऱ्याने ट्रॅक्टरभर कांदा बाजार समितीत नेला, हमाली-तोलाई-भाडं जाऊन पट्टीवर खिशातून भरायची पाळी आली. तो माणूस घरी येऊन बोलला नाही, जेवला नाही. तुमचं महिन्याचं बजेट आणि त्याचं वर्ष एका पारड्यात घालू नका!

कोथरूडकर:
आवाज चढवू नका. मी शेतकऱ्यांच्या विरोधात आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मी स्वतः कमी पगारात घर चालवलंय.

रॉटरडॅमहून:
दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट सुटतेय. २०२३ ला ही बंदी का आली? मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीने उन्हाळ कांदा भिजला, चाळीत टिकला नाही. मग ऑगस्ट १९०१ नंतरचा सगळ्यात कोरडा गेला. भाव चढतील या भीतीने शुल्क आलं. म्हणजे सुरुवात हवामानाने केली, धोरणाने तो तोटा शेतकऱ्याच्या गळ्यात बांधला. निफाडकरांच्या द्राक्षाची आणि तुमच्या कांद्याची गोष्ट एकच आहे.

औसा, लातूर:
तुम्हाला निर्यातीचं दुःख तरी आहे. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के केलं. पेरणीच्या तोंडावर बाहेरचं तेल स्वस्त, म्हणजे आमचं सोयाबीन पडलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली. मग अतिवृष्टीने शेंगा झाडावरच कुजल्या. आम्ही कुणाशी करार करावा?

आकडेबाज:
कांद्याच्या बाबतीत विंचूरकरांचं म्हणणं बरोबर आहे. निर्यातबंदी लादणाऱ्या देशाने स्वस्त शुल्काची मागणी करताना जीभ अडखळायला हवी. एवढं लिहितो, याहून जास्त नाही. द्राक्षाच्या बाबतीत माझं मत कायम आहे. बागेवर प्लास्टिकचं आच्छादन लावा, जाती बदला, करार वापरा.

निफाडकर:
आच्छादन लावा! एकरी लाखांत जाणारा खर्च आहे, आणि तो बँकेकडून काढायचा तर मागच्या हंगामाचं कर्ज आधीच थकलेलं. पेरूत कंपनी शेकडो हेक्टरांची असते, एक वर्ष गेलं तर दुसऱ्यावर तगते. इथे दोन-तीन एकरांवर घर चालतं.

फळपीक विम्याचंही बघा. द्राक्षाच्या मुख्य हंगामासाठी अवेळी पावसाचा धोका धरला जातो तो ऑक्टोबरपासून. मे-जूनमध्ये ढगांनी घड मारला तर त्याची नोंदच नाही. पाऊस मोजणारं यंत्र महसूल मंडळाच्या गावी, बाग चार कोस लांब. मागे आमच्याकडे गारा पडल्या, तिथे शून्य.

सगळ्या करारांचं मी स्वागत करतो. पण करार करणाऱ्यांनी त्याच टेबलावर हे ठरवावं: विम्याचा काळ खरड छाटणीपासून धरा, प्रत्येक गावात हवामान केंद्र बसवा, आणि हंगाम सुरू झाल्यावर निर्यातीचं दार बंद करणार नाही असं लेखी द्या.

विंचूरचा कांदा:
शेवटचं पहिलं लिहा. बाकीचं नंतर मागू.